ट्रेमोलो वापरला की गिटार उतरते: ब्रिज बदलावा की नाही?

बार दाबला, सोडला, पुढचा कॉर्ड वाजवला आणि ‘जी’ची तार बेसूर. पुन्हा लावायची, पुन्हा तेच. इलेक्ट्रिक गिटारवर ट्रेमोलो, म्हणजे बार दाबून सगळ्या तारांचा सूर एकदम खालीवर करायची यंत्रणा, वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला: कंपनीने दिलेला ब्रिज (तारा गिटारच्या अंगापाशी धरणारा भाग) काढ, चांगला बसव. नवा ब्रिज चकचकीत दिसतो, जड असतो, आणि तो बसवला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मग दोन आठवड्यांनी ‘जी’ची तार पुन्हा उतरते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक गिटारींमध्ये दोष ब्रिजमध्ये नसतो, त्यामुळे ब्रिज बदलून तो जातही नाही. काही गिटारींमध्ये मात्र खरंच ब्रिजच झिजलेला किंवा मुळातच कच्चा असतो, आणि तिथे कितीही वंगण घाला, काही फरक पडत नाही. आपली गिटार यांपैकी कुठली हे एक ट्यूनर, एक कागद आणि तासाभराचा वेळ एवढ्यात कळतं. ते न तपासता ब्रिज विकत घेऊ नका.

खालचं सगळं मुख्यतः स्ट्रॅटोकास्टरच्या पद्धतीच्या ब्रिजबद्दल आहे, म्हणजे सहा स्क्रूंवर किंवा दोन खुंट्यांवर झुलणारा. फ्लॉइड रोज या तारा दोन्ही टोकांना पकडणाऱ्या ब्रिजचं गणित थोडं वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आत काय चालतं

१९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हापासून या ब्रिजची मूळ रचना बदललेली नाही. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा ओढतात, आणि मधली पट्टी पुढच्या कडेवर झुलते. वाजणाऱ्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर ९–४२ चा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२ इंच) संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून साधारण ३८ किलोंचा ताण येतो. १०–४६ चा लावला तर साधारण ४६ किलोंचा. हा ताण स्प्रिंगा तोलून धरतात. बार सोडल्यावर ब्रिज मूळ जागी आणण्यासाठी कुठलीही खूण किंवा अडसर नसतो. तो नुसत्या तोलावर परत येतो.

म्हणजे वाटेत कुठेही काही अडकलं की तोल किंचित दुसरीकडे लागणार. तार कुठेकुठे अडकू शकते ते पाहा: पेगवरच्या (तार आवळायच्या किल्लीवरच्या) वेढ्यांत, हेडस्टॉकवरच्या (मानेच्या शेंड्यावरच्या) स्ट्रिंग ट्री या तार खाली दाबणाऱ्या आकड्याखाली, नट या मानेच्या टोकाच्या खाचा असलेल्या तुकड्याच्या खाचेत, सॅडल या ब्रिजवरच्या तारेच्या टेकूवर. शिवाय ब्रिजची झुलणारी कड अडकू शकते, आणि स्प्रिंगांची टोकं क्लॉमध्ये (स्प्रिंगा गिटारच्या अंगाला अडकवणाऱ्या पंजात) किंवा ब्लॉकमध्ये (ब्रिजच्या पट्टीखालच्या ठोकळ्यात) घासू शकतात. यातली पहिली तीन ठिकाणं मानेच्या पलीकडच्या टोकाला आहेत. जगातला सर्वांत महाग ब्रिज बसवलात तरी ती तिन्ही जशीच्या तशी राहतात.

आधी बारला हात न लावता

नव्या तारा घाला, हाताने हळूहळू ताणून पुन्हा पुन्हा सुरात आणा, हलेनाशा होईपर्यंत. मग अर्धा तास नेहमीसारखं वाजवा, बेंड करा (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवा), पण बारला हात लावू नका. एवढ्यातच गिटार उतरत असेल तर ट्रेमोलोचा विचार तूर्त बाजूला ठेवा. दोष पेगवरच्या वेढ्यांत, नटमध्ये किंवा मानेत आहे. जुन्या, गंजलेल्या तारांवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. त्या स्वतःच कुठे थांबत नाहीत.

वेढ्यांबद्दल एवढंच: साध्या पेगवर दोन-तीन वेढे, एकाखाली एक, एकमेकांवर न चढलेले. पाच-सहा वेढ्यांचं गुंडाळं असेल तर बार दाबला की ते सैल पडतं, सोडल्यावर आवळतं, आणि दर वेळी थोडं वेगळं आवळतं.

सूर चढला की उतरला?

ही चाचणी या सगळ्या लेखाचा कणा आहे, म्हणून जरा सविस्तर.

सहाही तारा नीट लावा. बार तारा बऱ्यापैकी सैल होईपर्यंत दाबा आणि हळू परत येऊ द्या. झटक्याने सोडू नका. आता कुठलाही पेग न फिरवता एकेक तार ट्यूनरवर पाहा आणि ती किती सेंट चढली किंवा उतरली ते लिहा. अर्ध्या सुराचे शंभर सेंट. तीन-चार सेंटांचा फरक सोडून द्या, दहा-पंधरा सेंट कानाला बोचतात. ब्रिज तरंगता असेल, म्हणजे बार वर ओढता येत असेल, तर पुन्हा सुरात लावून तीच चाचणी वर ओढून करा. दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहा.

आता अर्थ लावू. बार दाबल्यानंतर एक-दोनच तारा चढलेल्या दिसल्या, आणि बाकीच्या जागेवर आहेत, तर नट किंवा स्ट्रिंग ट्री. कारण सोपं आहे. बार दाबला की वाजणाऱ्या भागातला ताण कमी होतो, त्यामुळे नटपलीकडचा ताणलेला तुकडा थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर ती तार परत यायला हवी. खाच घट्ट असेल तर ती येत नाही, आणि वाजणाऱ्या भागात ताण जास्त उरतो. सूर चढतो. बार वर ओढल्यावर किंवा मोठा बेंड घेतल्यावर नेमकं उलटं होतं, तीच तार उतरते.

खात्री करून घ्यायची असेल तर चढलेल्या तारेला फ्रेटबोर्डवर एक जोरदार बेंड द्या. ती खाली येऊन सुरावर बसली तर नट अडकत होता यात शंका उरत नाही. तार उतरलेली असेल तर नटच्या मागे, पेगच्या बाजूला, बोटाने दाबून सोडा. ती चढून सुरावर आली तर तेच निदान.

ब्रिजची कड अडकत असेल तर चित्र बरोबर उलटं दिसतं. दाबल्यानंतर ब्रिज पूर्ण परतला नाही, म्हणजे तारा सैलच राहिल्या: सहाही तारा एकदम उतरलेल्या. वर ओढल्यानंतर परतला नाही तर सहाही चढलेल्या. प्रत्येक तारेचा आकडा सारखा नसेल, पण दिशा एकच असेल. आणि बारला उलट्या बाजूला हलकासा धक्का दिला की सहाही एकदम सुरात येतात. असं दिसलं तर आणि तरच ब्रिजकडे संशयाने बघायचं.

तिसरा प्रकारही भेटतो: एखादी तार दर वेळी थोडी थोडी उतरतच जाते, बेंडनेही नाही, मागून दाबूनही नाही, कशानेच परत येत नाही. ती पेगवर घसरते आहे किंवा तिच्या टोकाचा पीळ सुटतो आहे. तार बदला.

आणखी एक लक्षण आहे जे दोष नाहीच. तरंगत्या ब्रिजवर एक तार बेंड केली की बाकीच्या किंचित उतरतात. एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. एक लावली की आधी लावलेल्या हलतात. तोलावर उभ्या असलेल्या यंत्राचा हा स्वभावच आहे, आणि कुठलाही ब्रिज तो बदलत नाही. हा स्वभाव नको असेल तर मार्ग वेगळा: स्प्रिंगा आवळून ब्रिज गिटारच्या अंगावर टेकवा. दाबता येईल, ओढता येणार नाही, पण बेंड स्थिर राहतील. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी तर पाच स्प्रिंगा लावून आणि लाकडाचा ठोकळा अडकवून आपल्या स्ट्रॅटोकास्टरचा ट्रेमोलो पुरता बंद करून टाकला होता. बार वर्षातून एकदा वापरणाऱ्याने ब्रिजवर खर्च करण्याऐवजी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा.

नट

ज्यांच्या कागदावर एक-दोन तारांचे आकडे चढलेले आले, आणि बहुतेकांचे तसेच येतील, त्यांचं काम इथे आहे.

पेग फिरवताना ‘टिक्’ किंवा ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो का ऐका. तार खाचेत चिकटून राहते, ताण साठतो आणि मग ती उडी मारून पुढे जाते, तो हा आवाज. ट्यूनरचा काटाही सरकत न जाता टुणकन उडतो. ‘जी’ आणि ‘डी’ या तारांवर हे जास्त होतं, आणि तीन-तीन पेगांच्या हेडस्टॉकवर तर फारच, कारण तिथे या दोन तारा नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात.

९ च्या तारांसाठी कोरलेल्या नटमध्ये १० च्या तारा घातल्या की खाच अरुंद पडणार, यात नवल नाही. पण लोकांना ट्रेमोलोचा त्रास सुरू झाल्याची तारीख आठवते, तारांची जाडी बदलल्याची आठवत नाही. दोन्ही तारखा जुळवून पाहा.

उपाय साधे आहेत. पहिला, शिसपेन्सिलीचं ग्राफाइट खाचेत घासणं किंवा नटसाठीचं वंगण टोकभर लावणं. याने फरक पडला पण काही दिवसांत गेला, तर निदान बरोबर आहे आणि खाच रुंद करायला हवी. त्यासाठी तारेच्या जाडीच्या मापाची कानस मिळते. नसेल तर त्याच जाडीच्या जुन्या तारेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या भिंती घासता येतात. भिंती, तळ नव्हे. तळ खोल गेला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नवा नटच बसवावा लागतो. खाचेचा उतार पेगच्या दिशेने हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर टेकते आणि मागे मोकळी उतरते.

स्ट्रिंग ट्री अगदी घट्ट दाबत असेल तर तो थोडा वर घ्या किंवा गुळगुळीत प्रकारचा बसवा. पत्र्याच्या जुन्या ‘फुलपाखरू’ ट्रीखाली तारेला करकोचा पडलेला दिसतो कधी कधी.

नट मुळातच हलक्या पोकळ प्लास्टिकचा असेल तर हाडाचा किंवा ग्राफाइटचा अंश असलेला घाला. खाचेऐवजी फिरत्या चाकांवर तार टेकवणारे रोलर नटही आहेत. १९८७ मध्ये आलेल्या स्ट्रॅट प्लस या मॉडेलवर स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीने विल्किन्सनचा रोलर नट बसवूनच दिला होता. म्हणजे ट्रेमोलो सुरात राहावा म्हणून गिटार बनवणाऱ्यांनीच मानेच्या दुसऱ्या टोकाला हात घातला होता, हे लक्षात घ्या.

लॉकिंग पेगही याच यादीत. त्यात तार दाबून धरली जाते, एका वेढ्याहून कमीत काम होतं, आणि वेढ्यांचा प्रश्नच उरत नाही. ब्रिजसाठी पैसे बाजूला काढलेच असतील आणि झिजेचं काही लक्षण नसेल, तर मी ते आधी नटवर आणि उरले तर लॉकिंग पेगवर घालीन.

ब्रिज आहे तोच, पण नीट बसवलेला

कागदावर सहाही तारा एका दिशेने गेलेल्या असतील तरी लगेच खरेदी नको. सहा स्क्रूंच्या ब्रिजवर सगळ्यांत जास्त दिसणारा दोष म्हणजे सहाही स्क्रू गच्च आवळलेले. माणसाचा हात स्क्रू दिसला की आवळतोच. पण इथले स्क्रू ब्रिज धरून ठेवण्यासाठी नाहीत. पट्टी त्यांच्या मानेवर झुलायची आहे. आवळले की पट्टी डोक्यांखाली चिमटली जाते आणि मधेच कुठेतरी थांबते.

तारा सैल करा. सहाही स्क्रू थोडे वर घ्या. मग एकेक स्क्रू हळू खाली आणा. डोकं पट्टीला टेकून पट्टीची मागची कड उचलायला लागली की तिथून किंचित मागे फिरवा. एवढं झाल्यावर मधले चार आणखी थोडे वर घेतले तर झुलण्याचं काम कडेच्या दोघांवर येतं आणि घर्षण बरंच कमी होतं. हे मधले चार काढून टाकण्याचीही पद्धत आहे, पण मला ते आवडत नाही. सगळा भार लाकडातल्या दोनच भोकांवर येतो.

नंतर पाठीतला क्लॉ. तरंगता ठेवायचा असेल तर सहा स्क्रूंच्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली सुमारे ३.२ मिलिमीटर फट, दोन खुंट्यांच्या ब्रिजला सुमारे २.४. या फेंडरच्याच सेटअपच्या सूचना आहेत. क्लॉचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवायचे, सहाही तारा पुन्हा लावायच्या, फट पाहायची, पुन्हा अर्धा आटा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन दिवसांत विभागून करण्यासारखंही नाही; एका बैठकीत संपवा. स्प्रिंगांची संख्या वाढवली तर बार जड होतो, त्या बदल्यात बेंड घेताना बाकीच्या तारा कमी हलतात. तीनच्या चार करून पाहायला हरकत नाही.

स्प्रिंगांच्या आकड्यांवर आणि पट्टीच्या पुढच्या कडेवर थेंबभर वंगण. स्प्रिंगा एकाच संचातल्या हव्यात. एक जुनी सैल आणि एक नवी ताठ अशी जोडी नको.

दोन खुंट्यांच्या ब्रिजवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र पक्की पाळायची आहे: तारा पूर्ण ताणात असताना खुंट्या फिरवून उंची बदलायची नाही. पट्टीची धारदार कड खुंटीच्या खोबणीत तेवढ्या ताणाने दाबलेली असते, आणि फिरवलं की ती खरवडली जाते. आधी तारा सैल, मग उंची.

हे सगळं झालं की पहिलीच चाचणी पुन्हा करा.

आता खरोखर ब्रिज

सेटअपनंतरही सहाही तारा एका दिशेने राहत असतील तर ब्रिज काढून बाहेर घ्या आणि भिंगाखाली कड पाहा. सहा स्क्रूंच्या पट्टीत भोकांच्या कडा तिरक्या छाटलेल्या असतात. तिथे स्क्रूने घळ पाडलेली दिसते का? दोन खुंट्यांच्या पट्टीत धार बोथट, दबलेली किंवा तिच्यात खाचा आहेत का? खुंटीच्या खोबणीत ओरखडा आहे का? यांपैकी काहीही असेल तर वंगणाने ते भरून येत नाही. ब्रिज परतताना कधी खाचेच्या या बाजूला बसतो, कधी त्या. इथे नवा ब्रिज हे योग्य उत्तर आहे, आणि तो घेताना झुलणारी कड कडक केलेल्या पोलादाची आहे ना, एवढं आधी पाहावं. बाकी सगळं नंतर.

खुंटी स्वतः लाकडात डुगडुगत असेल तर मात्र थांबा. बोटाने हलवून पाहा. ती हलत असेल तर दोष लाकडातल्या भोकाचा आहे, आणि नवा ब्रिज त्याच डुगडुगत्या खुंटीवर झुलेल. ते भोक भरून पुन्हा पाडणं हे लाकूडकाम जाणणाऱ्याचं काम.

बाकी तक्रारी बहुतेक अर्ध्या खर्चात सुटतात. बार भोकात खुळखुळतो? आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन फेऱ्या गुंडाळून पाहा. स्वस्त जस्ताच्या ब्लॉकमधले आटे पार गेले असतील तर फक्त ब्लॉक बदलता येतो; तो सॅडलखालच्या तीन स्क्रूंनी पट्टीला जोडलेला असतो. एकच तार नेहमी सॅडलपाशीच तुटते? तुटलेलं टोक पाहा आणि त्या सॅडलवर नखाने चाचपा. खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. सॅडलमागे तार पट्टीच्या भोकाच्या कडेला घासते का, हेही पाहून घ्या, कारण नट निर्दोष असूनही एखादीच तार परत न येण्याचं ते एक छुपं कारण असतं. सॅडलचे उंचीचे स्क्रू गंजून बसले, आटे गेले, सॅडल वाजवताना आडवं सरकतं, तर सॅडलचा संच बदला. पट्टी आणि ब्लॉक चांगले असताना अख्खा ब्रिज कशाला?

आवाजासाठी ब्रिज बदलणं हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. जड पोलादी ब्लॉकने आघात जरा नेमका आणि स्वर जरा लांब वाटू शकतो. पण ब्रिज बदलताना प्रत्येक जण तारा नव्याच घालतो, आणि नव्या तारांचा सगळा लखलखाट ब्लॉकच्या खात्यावर जमा होतो. तुलना करायची तर जुन्या ब्रिजवर नव्या तारा घालून रेकॉर्ड करा, मग नव्या ब्रिजवर त्याच जातीच्या नव्या तारा घालून. पिकअपची उंची दोन्ही वेळा तीच. फरक एवढा मोजून मापून ऐकावा लागला तर तो खर्चाच्या लायकीचा आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते नुसत्या आवाजासाठी हा सगळ्यांत दुबळा बदल आहे.

मापं

घ्यायचंच ठरलं तर सर्वांत जास्त पस्तावा मापांमुळे होतो. व्हर्नियर हातात घ्या.

कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत हवं. मध्य नजरेने सापडत नाही, म्हणून एका स्क्रूच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच येतं. जुन्या पद्धतीच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजला हे साधारण ५६ मिलिमीटर असतं, बऱ्याच स्वस्त गिटारींवर ५२.५ च्या आसपास. साडेतीन मिलिमीटरांचा फरक म्हणजे स्क्रू भोकांत बसणारच नाहीत. दोन खुंट्यांच्या ब्रिजमध्येही अंतरं निरनिराळी आहेत: अनेक ठिकाणी ५६, फ्लॉइड रोजला सुमारे ७४.

तारांमधलं अंतर वेगळं मोजा, जाड ‘ई’ ते बारीक ‘ई’. अरुंद मानेवर ५६ मिलिमीटरांचा ब्रिज बसवला तर बारीक ‘ई’ वरच्या फ्रेटांवर कडेवरून घसरून खाली पडते. व्हिब्रॅटो दिला की तार फ्रेटबाहेर.

ब्लॉकची खोली सगळे विसरतात. पूर्ण जाडीच्या गिटारसाठीचा ब्लॉक पातळ अंगाच्या गिटारमध्ये घातला तर तो पाठीमागे उंबरठ्यासारखा बाहेर येतो, मागचं झाकण बसत नाही. अंगाची जाडी मोजा आणि जुना ब्लॉक पट्टीखाली किती खोल आहे तेही. बारचे आटेही निरनिराळ्या मापांचे असतात, त्यामुळे जुना बार नव्या ब्लॉकमध्ये जाईल असं गृहीत धरू नका. जबरदस्तीने फिरवलात तर नव्या ब्लॉकचे आटे पहिल्याच दिवशी जातील.

सहा स्क्रूंवरून दोन खुंट्यांवर जायचं, किंवा साध्या ट्रेमोलोच्या जागी फ्लॉइड रोज बसवायचा, असे विचार मनात येतातच. दोन्हींत अंग कोरावं लागतं, फ्लॉइड रोजला मानेवर लॉकिंग नटची जागाही करावी लागते. एवढं करण्यापेक्षा तसा ब्रिज मुळातच असलेली गिटार घेणं शहाणपणाचं.

फ्लॉइड रोज असेल तर

फ्लॉइड रोज यांच्या या ब्रिजचं पेटंट १९७९ चं. त्यात तारा नटपाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे पकडलेल्या असतात आणि सूर ब्रिजवरच्या छोट्या पेचांनी जुळवला जातो. पेग, वेढे, ट्री, नटची खाच ही सगळी संशयितांची यादी एकदम बाद. त्यामुळे इथे गिटार उतरत असेल तर निदान लवकर होतं: आधी नटचे पेच पुरेसे आवळले आहेत ना, सॅडलमधल्या ठोकळ्याखाली तार घट्ट आहे ना, आणि मग सरळ धार व खुंट्या. मऊ धातूच्या नकली किंवा स्वस्त आवृत्त्यांमध्ये धार लवकर दबते. बाकी लेखभर मी ब्रिज बदलू नका म्हणत आलो, पण या जातीत धार गेलेली दिसली तर वेळ न दवडता बदला. नट आवळताना तारा थोड्या चढतात ते मात्र साहजिक आहे, त्यासाठी छोटे पेच मध्यावर ठेवून मगच नट आवळायचा.

बसवल्यानंतर

नवा ब्रिज बसला म्हणजे गिटार तयार नाही. तारांची उंची, मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर जुळवून प्रत्येक सॅडल मागेपुढे करणं, हे पुन्हा पहिल्यापासून. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे. तारा ताणून घ्या आणि त्याच कागदावर जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. ते तसेच निघाले तर ब्रिज निर्दोष होता आणि नट अजून तुमची वाट पाहतोय.

आणि एक शेवटची कटकट, जी जवळजवळ नेहमी नव्या ब्रिजच्या माथी मारली जाते: अँपमधून अचानक गुणगुण वाढणं. पाठीतल्या क्लॉला एक वायर सोल्डरचा डाग देऊन जोडलेली असते. स्प्रिंगांमार्फत तीच ब्रिज आणि तारांना अर्थिंग देते. क्लॉ मागेपुढे करताना तिचा डाग सुटतो, किंवा नव्या रंगवलेल्या क्लॉवर तो नीट धरत नाही. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत नसेल तर पहिल्यांदा ती वायर पाहा. क्लॉवरचा रंग थोडा खरवडून डाग पुन्हा द्या, आणि मल्टिमीटरने क्लॉ ते केबलच्या जॅकची बाहेरची बाजू यांच्यात जोडणी येते का ते तपासा.